ट्रॅक्टरचा क्लच : जुळणी आणि दोषनिवारण

मुंबईत वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर आलेल्या मालमोटारीचा क्लच निकामी झाला, तर कारागीर गिअरबॉक्स उतरवून झिजलेली तबकडी बदलू शकतो. ट्रॅक्टरचे काम इतके सोपे नाही. बहुतेक ट्रॅक्टरांना स्वतंत्र चासी नसते. इंजिन, क्लचचे घर आणि गिअरबॉक्स एकमेकांस जोडूनच त्याचा सांगाडा बनतो. तबकडी बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध दुभागावा लागतो. ऐन पेरणीत असा खोळंबा झाला, तर वाफसा निघून जातो.

हे बरेचसे टाळता येते. पेडल दाबताना प्रारंभी ते विनासायास खाली जाते, मग स्प्रिंगचा विरोध जाणवतो. या प्रारंभीच्या अंतरास मोकळी चाल म्हणतात. ती साधारणतः २० ते ४० मिलिमीटर असते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावा. तबकडीचे अस्तर झिजते तसतशी ही चाल घटते. हे प्रथमदर्शनी उलटे वाटेल. परंतु अस्तर पातळ झाले की दाबपट्टी फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या बोटांची टोके बेअरिंगजवळ येतात. चाल शून्यावर आल्यास स्प्रिंगचा पूर्ण दाब तबकडीवर पडत नाही. इंजिन गरजते, नांगर रेंगाळतो आणि जळका वास येतो. चाल फार वाढल्यास क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर टाकताना दाते करकरतात.

जुळणीसाठी इंजिन बंद करून जोडदांडीवरील लॉकनट सैल करावा, दांडीची लांबी कमी-अधिक करून चाल मोजपट्टीने तपासावी आणि नट पुन्हा आवळावा. दुहेरी क्लचमध्ये पी.टी.ओ.ची जुळणी निराळी असते. ती जाणकाराकडूनच करवून घ्यावी.

चाल योग्य असूनही क्लच घसरत असेल, तर घराच्या तळाचे छिद्र पाहावे. तेथून तेल ठिबकत असल्यास सील गेले आहे. मग कितीही जुळणी केली तरी व्यर्थ. चिखलणीच्या वेळी या छिद्राला बूच लावले असल्यास ते नंतर आठवणीने काढावे. दीर्घकाळ उभ्या ट्रॅक्टरचे पेडल दाबून ठोकळ्याने अडकवावे, अन्यथा गंजाने तबकडी चिकटते.

चालकाची सवय हा मात्र पान्याने न सुटणारा दोष. पेडलवर विनाकारण पाय ठेवल्याने अस्तर झिजतेच. पण उसाची भरलेली ट्रॉली उतारावर क्लच दाबून सोडणे अधिक घातक, कारण त्या क्षणी इंजिनाचा आवर सुटतो आणि सारा भार केवळ ब्रेकवर येतो.