द्राक्षबागेत चालेल असा फोन

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आहे. रोगट पानांचे फोटो सल्लागारांना पाठवावे लागतात. सॅमसंग ए३६, रेडमी नोट १४ प्रो प्लस की वापरलेला आयफोन १५ घ्यावा?

उत्तर : तुमच्या जागी मी सॅमसंग घेईन, कारण त्याला सहा वर्षे अपडेट मिळणार आहेत. त्याचा मॅक्रो कॅमेरा मात्र ५ मेगापिक्सेलचाच आहे. डाऊनी रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला येते. पान उलटून, सावलीत धरून, मॅक्रोऐवजी मुख्य कॅमेऱ्याने वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करून टिपा. सल्लागाराला तोच फोटो उपयोगी पडेल.

दिवसभर बागेतच असाल, तर रेडमीची ६२०० एमएएचची बॅटरी सॅमसंगच्या ५००० पेक्षा नक्कीच सरस. आयफोनचा पडदा भर उन्हातही स्पष्ट दिसतो, व्हिडिओही उत्तम. पण मॅक्रोची सोय नाही आणि वापरलेल्या फोनची बॅटरी थकलेली असू शकते.

आणि एक कळकळीची विनंती. फोन पाण्यात टिकतो असे सांगणाऱ्या आयपी६७, आयपी६८ या चाचण्या स्वच्छ पाण्याच्या आहेत, फवारणीच्या औषधांच्या नाहीत. फवारताना फोन बंद पिशवीत ठेवा, हात साबणाने धुतल्याशिवाय त्याला लावू नका. संध्याकाळी तोच फोन घरातल्या मुलांच्या हातात जातो.