पाऊस, अँटेना आणि शेताचा बांध



जमिनीची मोजणी म्हटली की पूर्वी साखळी डोळ्यांपुढे येई. शंकू साखळी ३३ फूट लांब. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशेब आपल्या भडगाव तालुक्यातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे.

मापनाचे शास्त्र आपल्या भागाला नवे नाही. शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवी आहे. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाचे, चांगदेवाचे, नाव आहे. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्याने तिथे मठ काढला. या गोष्टीला आठशे वर्षे झाली.

आता साखळी मागे पडली. भूकरमापक एक उंच काठी घेऊन बांधावर येतो. काठीच्या टोकाला घुमटासारखा टोप असतो. या यंत्राला रोव्हर म्हणतात. टोपाच्या आत अँटेना असते. ती आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ऐकते आणि काठी पृथ्वीवर नेमकी कुठे टेकली आहे ते सांगते.

पण बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात शंका असते. ढग दाटले की कोणीतरी म्हणतोच, "आभाय भरी उनं, आते मोजणी चुकी!" ही शंका रास्त आहे का? पावसाने यंत्र चुकते का? चुकत असेल तर आपण काय पाहावे? या धड्यात आपण हेच समजून घेऊ.

संदेश किती नाजूक असतो

अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. आपल्या भारताचीही अशी व्यवस्था आहे. तिचे नाव नाविक. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आकाशात गेला.

उपग्रहाजवळ फार अचूक घड्याळ असते. "मी इथे आहे, आणि आता इतके वाजले आहेत," असे तो सारखे सांगत असतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते. निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा ठरते.

संदेश एका सेकंदात ३ लाख किलोमीटर धावतो. एका सेकंदाचे १०० कोटी भाग करा. त्यातला एक भाग जरी चुकला, तरी अंतरात एक फुटाची चूक पडते.

एक फूट म्हणजे थोडेच, असे वाटेल. पण बांध ६६० फूट लांब असला आणि तो एक फूट सरकला, तर ६६० चौरस फूट जमीन इकडची तिकडे होते. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून अधिक! एवढ्या जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, हे आपण पाहतोच.

शिवाय हा संदेश फार क्षीण असतो. घरातला एखादा दिवा २०,००० किलोमीटरवरून पाहायचा, तसाच हा प्रकार. म्हणून वाटेतला लहानसा अडथळाही त्याला भारी पडतो.

पाऊस खरोखर आड येतो का?

घरावरच्या डिशचा अनुभव सर्वांना आहे. जोराची सर आली की टीव्हीचे चित्र जाते. मग रोव्हरचेही तसेच होणार, असे आपल्याला वाटते. पण दोन्हींच्या लहरी वेगळ्या आहेत.

डिशला येणारी लहर सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. पावसाचे थेंब तिला अडवतात आणि शोषून घेतात. जीपीएसची मुख्य लहर सुमारे १९ सेंटिमीटर लांब असते. गिरणेच्या पात्रात लहान तरंग दगडावर फुटतो, पण मोठी लाट त्याच दगडावरून सहज निघून जाते. तसेच हे आहे. ढग आणि पावसाचे थेंब या लांब लहरीला फारसे अडवत नाहीत.

तेव्हा नुसते आभाळ भरले म्हणून मोजणी चुकली, असे म्हणू नये. पाऊस वरून पडतो तेव्हा त्याचा त्रास थोडा. तो पानांवर, पत्र्यावर आणि तारेत साचतो, तेव्हा त्रास मोठा.

ओली पाने आणि पत्रे

झाडाच्या पानांत पाणी असते. पाणी संदेश शोषून घेते. पावसाने पाने भिजली की हे आणखी वाढते. बांधावरच्या दाट निंबाखाली काठी धरली, तर यंत्राला काही उपग्रह ऐकूच येत नाहीत.

केळीच्या बागेत तर विशेष जपावे. कजगावच्या बाजूला केळी पुष्कळ. केळीचे पान रुंद आणि पाण्याने भरलेले असते. रोव्हरची काठी साधारण दोन मीटरची, आणि वाढलेली केळ तिच्याहून उंच. म्हणजे अँटेना पानांच्या छपराखाली जाते.

पत्र्याचे शेड, लोखंडी टाकी, उभा ट्रॅक्टर यांचा त्रास निराळा. विहिरीत हाक मारली की हाक फिरून येते. तसाच संदेश पत्र्यावर आपटून अँटेनेकडे येतो. तो लांबच्या वाटेने आलेला असतो. यंत्राला तो सरळ आलेल्या संदेशासारखा वाटला, तर अंतर चुकते.

यावर उपाय आहे. झाडाखालच्या खुणेजवळ, पण मोकळ्या आभाळाखाली दोन जागा रोव्हरने मोजाव्यात. तिथून झाडाखालच्या खुणेपर्यंतचे अंतर फितीने घ्यावे. जुनी फीत आणि नवे यंत्र अशी एकमेकांच्या मदतीला येतात.

वरचे आकाश

ढगांच्याही फार वर, शेकडो किलोमीटर उंचीवर, हवेचा एक विरळ थर आहे. सूर्याच्या किरणांनी त्यात वीजभार तयार होतो. त्याला आयनांबर म्हणतात. त्यातून येताना संदेशाला उशीर होतो. हे हवामान डोळ्यांना दिसत नाही. खाली लख्ख ऊन असते आणि वर गडबड चालू असते.

पृथ्वीची चुंबकीय विषुवरेषा भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणूनच या थराचा अभ्यास करण्यासाठी केरळात थुंबा येथे तळ उभारला, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण सोडला. या रेषेच्या उत्तरेला आणि दक्षिणेला काही अंतरावर आयनांबर विशेष दाट होते. आपला खानदेश उत्तरेकडच्या दाट पट्ट्याच्या जवळ आहे.

दुपारी हा थर दाट असतो. सूर्य मावळल्यावर काही दिवस त्यात बुडबुड्यांसारखी पोकळी होते. मग तारे लुकलुकतात तसे संदेश लुकलुकतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत हे अधिक होते. सूर्यावर मोठी वादळे झाली म्हणजेही गडबड उडते. मे २०२४ मध्ये असे वादळ झाले, तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर शेतात थांबवावे लागले.

म्हणून नाजूक मोजणी सकाळी करणे बरे.

एक अँटेना दुसरीला सांभाळते

या चुका काढून टाकण्याची एक युक्ती आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कायमची केंद्रे उभारली आहेत. त्यांना कॉर्स केंद्रे म्हणतात. केंद्राची जागा आधीच अचूक ठाऊक असते. उपग्रहाने दाखवलेली जागा आणि खरी जागा यांत फरक पडला, की आकाशाने किती चूक केली ते कळते. ती दुरुस्ती मोबाईलच्या जाळ्यातून रोव्हरला मिळते. मग मोकळ्या आभाळाखाली चूक दोन-तीन बोटांवर येते.

पण नीट ध्यानात घ्या. केंद्राची अँटेना ऊन, वारा, पाऊस सोसत वर्षानुवर्षे उघड्यावर असते. तिच्यातच दोष शिरला, तर तिच्यावर विसंबून असलेल्या मोजण्यांना तो बाधू शकतो. म्हणून उघड्यावरच्या कोणत्याही अशा अँटेनेची निगा पुढीलप्रमाणे राखतात.

१. जागा उंच आणि मोकळी हवी. खांब पक्का हवा. वाऱ्याने खांब हलला, की मोजणीही हलली.

२. टोप प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असतो. त्यातून संदेश जातो, पाणी जात नाही. पावसापासून जपण्यासाठी त्यावर पत्रा किंवा घमेले झाकू नये. धातूतून संदेश जात नाही. चंदेरी रंगही फासू नये, कारण त्यात धातूची पूड असते.

३. तार जिथे अँटेनेला जोडतात, तो सांधा सर्वांत कच्चा. आपल्याकडचे वैशाखातले ऊन प्लॅस्टिकला तडे पाडते, आणि मृगाचे पाणी त्या तड्यांतून आत शिरते. तार वरून कोरडी दिसते, पण आतून गंजते. म्हणून सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी घट्ट गुंडाळतात.

४. तार भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा. म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकते. ते घरात, यंत्रात जात नाही.

५. पाखरांची विष्ठा, घरटे, धूळ साफ करावी. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सर्व तपासावे. जवळचे झाड वाढून आड येते का, तेही पाहावे.

६. तारेवर वीजरोधक बसवावा आणि जमिनीत चांगले अर्थिंग द्यावे.

विजेपुढे हट्ट नको

मोजणीची तारीख पुन्हा मिळते. जीव पुन्हा मिळत नाही. उघड्या शेतात उंच काठी धरून उभा असलेला माणूस विजेच्या वाटेत उभा असतो. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवावी आणि पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. झाडाखाली मुळीच उभे राहू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दामिनी नावाचे मोबाईलवरचे साधन केले आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका ते कळवते. ज्याला वाचता येते, त्याने ते पाहून शेजाऱ्यालाही सांगावे.

"साहेब, आज काम उरकूनच जा," असा आग्रह अशा वेळी कोणी धरू नये.

बांधावर काय विचारावे

मोजणी करणारा सरकारी माणूस असला, तरी जमीन आपली आहे. नम्रपणे पुढील गोष्टी विचाराव्यात. त्यात संकोच कसला?

"भाऊसाहेब, यंत्र फिक्स दाखवते की फ्लोट?" फिक्स म्हणजे यंत्राची खात्री झाली. फ्लोट म्हणजे अजून आकडा डळमळतो आहे. फ्लोट असताना हद्दीचा दगड रोवू नये.

"काठी सरळ आहे ना? तिची उंची यंत्रात बरोबर भरली ना?" काठीवर पाण्याची बुडबुडी असते. ती मध्यभागी हवी.

"हा कोपरा थोड्या वेळाने पुन्हा घेता का?" दोन वेळचे आकडे जुळले, म्हणजे मन निश्चिंत होते.

आणखी एक सांगतो. ई-पीक पाहणीसाठी आपण मोबाईल घेऊन शेतात जातो. मोबाईलही उपग्रहाचे ऐकतो, पण त्याची अँटेना इवलीशी असते. त्याच्या आकड्यात काही मीटरची चूक पडू शकते. पीक कोणत्या शेतात उभे आहे हे सांगायला तो पुरेसा आहे. बांध ठरवायला नाही. मोबाईल दाखवून शेजाऱ्याशी भांडू नये.

मोजणी पटली नाही, तर कुऱ्हाड उचलायची गरज नाही. भूमी अभिलेख कार्यालयात निमताना मोजणीचा अर्ज करता येतो. मग वरचा अधिकारी पुन्हा मोजणी करतो. अर्जात नुसते "मोजणी चुकली" असे लिहू नये. "अमक्या कोपऱ्यावर काठी दाट झाडाखाली होती, यंत्र फ्लोट दाखवत होते," असे लिहावे. असे लिहिता यावे, यासाठीच तर आपण अक्षरे शिकलो.

प्रश्न

१. पावसात डिश बंद पडते, पण रोव्हर चालतो. असे का?

२. पावसापासून जपण्यासाठी अँटेनेवर पत्रा का झाकू नये?

३. तारेला झोळ का देतात? आपल्या घरावरच्या तारेला झोळ आहे का, ते पाहून या.

४. एक शेत ६६० फूट लांब आणि १६५ फूट रुंद आहे. ते किती गुंठे होईल? किती एकर होईल? साखळ्या मोजून उत्तर काढा.

५. केळीच्या बागेत मोजणी आहे. भूकरमापकाला कोणते दोन प्रश्न विचाराल? ते आपल्या वहीत लिहा.