संत जोसाफात आणि भगवान बुद्ध

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

रोमन कॅथलिक संतसूचीत काही शतके २७ नोव्हेंबर या दिवशी दोन नावे दिलेली असत : संत बार्लाम आणि संत जोसाफात. यांपैकी जोसाफात हा हिंदुस्थानातला राजपुत्र. हा मुलगा पुढे ख्रिस्ती होईल, असे भाकीत त्याच्या जन्माच्या वेळी ज्योतिष्याने केले. म्हणून राजाने त्याला एका सुंदर महालात ठेवले आणि रोग, वार्धक्य, मृत्यू यांपैकी काहीही त्याच्या दृष्टीस पडू नये असा बंदोबस्त केला. पुढे राजपुत्र बाहेर पडलाच. त्याने रोगी पाहिला, आंधळा पाहिला, जख्ख म्हातारा पाहिला आणि त्याचे मन अस्वस्थ झाले. मग बार्लाम नावाच्या तपस्व्याने त्याला उपदेश केला आणि अखेर त्याने राज्याचा त्याग केला.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की ही कथा कपिलवस्तूच्या सिद्धार्थाची आहे. नावाचा प्रवासही विद्वानांनी शोधून काढला आहे. 'बोधिसत्त्व' या शब्दाचे अरबीत 'बुदासफ' झाले. अरबी लिपीत 'ब' आणि 'य' यांत केवळ एका नुक्त्याचा फरक. त्यामुळे 'बुदासफ'चा 'युदासफ' झाला. तेथून जॉर्जियन भाषेत 'इओदासाफ', ग्रीकमध्ये 'इओआसाफ' आणि लॅटिनमध्ये 'जोसाफात'. अकराव्या शतकात ही कथा युरोपात पोहोचली आणि भाषेमागून भाषेत गेली. आमच्या इंग्रजीच्या तासाला 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या तीन पेट्यांची चर्चा झाली; त्या पेट्यांचे मूळही याच बार्लामच्या दृष्टान्तांपर्यंत नेऊन भिडवतात. जोसाफात म्हणजे बुद्धच, हे युरोपातील संशोधकांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिले. आजच्या संतसूचीत ही नावे नाहीत.

पण त्यांच्याही आधी ही शंका ज्याच्या मनात आली तो मनुष्य आपल्या खाडीपलीकडे येऊन गेला होता. दियोगु दु कोउतु हा पोर्तुगीज इतिहासकार १५५९ साली हिंदुस्थानात आला आणि १६१६ साली वारला. साष्टी बेटावरच्या कान्हेरीच्या लेण्यांविषयी त्याने तिथल्या एका अतिवृद्ध माणसाकडे चौकशी केली. म्हाताऱ्याने सांगितले की संत जोसाफातच्या पित्याने मुलाला जगापासून दूर ठेवण्यासाठी हे काम करविले. तेव्हा लोक ज्याच्या गोष्टी सांगतात तो 'बुदाव' म्हणजे हा जोसाफातच असावा, असे कोउतुने लिहून ठेवले. गंमत अशी की त्याला मूळ वाटला तो संत, आणि बुद्ध त्याची सावली! लेणी खरे पाहता बौद्ध भिक्षूंची, इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून कोरलेली.

ही हकीकत मी माझ्या वर्गमित्राला मोठ्या उत्साहाने सांगितली. तो बौद्ध आहे. मला वाटले होते, त्याला आनंद होईल. त्याने शांतपणे विचारले, "म्हणजे बुद्धालाही तुम्ही क्रूस घातला?"

या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. माझे आजोबा नगर जिल्ह्यातले. ज्या वस्तीतून ते कॅथलिक झाले, तशाच वस्तीतून मित्राच्या आजोबांनी १९५६ नंतर धम्म स्वीकारला. गावकुसाबाहेरून निघालेल्या या दोन वाटा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, अशी एक स्पष्ट प्रतिज्ञा आहे. ती का घ्यावी लागली, हे जोसाफातची कथा वाचल्यावर मला जास्त समजले. दोन्हीकडे बुद्धाला देव्हाऱ्यात जागा मिळाली, पण तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. जोसाफातच्या कथेत राजवाडा आहे, त्याग आहे, वैराग्य आहे. तृष्णा दुःखाचे कारण आहे हे सत्य आणि अष्टांगिक मार्ग मात्र कुठेच नाही. बुद्धाचा उपदेश गाळून फक्त त्याचे चरित्र घेतले, तर ते शिकणे नव्हे.

मग कॅथलिक माणसाने बुद्धाकडून शिकायचेच नाही काय? द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा नावानिशी उल्लेख केला आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे जाहीर केले. कागदावरचा हा विचार आपल्या भागात आचरणात आणणारे म्हणजे येशूसंघाचे फादर अँथनी डिमेलो. जन्म मुंबईचा, १९३१ चा. लोणावळ्याच्या 'साधना' संस्थेत ते धर्मगुरूंना व धर्मभगिनींना ध्यान शिकवीत. १९७८ साली त्यांचे 'साधना' हे पुस्तक निघाले. एका बौद्ध शिबिरात दिवसाचे बारा-बारा तास केवळ श्वासाकडे लक्ष दिल्याचे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो पुस्तकातील क्रम : आधी जागृती, म्हणजे शरीराच्या संवेदना व श्वास, मग कल्पनाचित्रे, आणि शेवटी भक्ती. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी रोजचे आत्मपरीक्षण घालून दिले आहेच. मन मुळात स्थिर कसे करावे, हे डिमेलो बौद्धांकडून शिकले, आणि कोणाकडून शिकलो हे त्यांनी लपविले नाही. कोउतुत आणि त्यांच्यात मला हा फरक दिसतो.

१९८७ साली ते वारले. १९९८ साली रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने त्यांच्या काही विचारांना हरकत घेतली. ईश्वर व्यक्तिरूप नाही, येशू हा अनेक गुरूंपैकी एक, असा अर्थ त्यांतून निघतो, असे मंडळाचे म्हणणे. पुष्कळांना हा निर्णय कठोर वाटला. मलाही वाटला, पण मंडळाने बोट ठेवले ती जागा खरोखर अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. बाबासाहेबांनीही तीच जागा दुसऱ्या बाजूने दाखविली आहे : बुद्ध स्वतःला मार्गदाता म्हणवितो, मोक्षदाता नव्हे. आणि आम्ही तर प्रत्येक मिस्साबलीत मोक्षदात्यालाच हाक मारतो.

आमच्या घरात संध्याकाळी जपमाळ होते. त्याआधी दहा मिनिटे मी श्वासाकडे लक्ष देऊन बसतो. वडील तुर्भ्याच्या बाजारात हमाली करून थकून आलेले असतात; त्यांना वाटते मी अभ्यासाने दमलो. आईने एकदा विचारले, "मनात कोणाचे नाव घेतोस?" म्हटले, "कोणाचेच नाही." तिला ते पटले नाही, पण तिने मला उठविलेही नाही.

त्या दहा मिनिटांचा परिणाम असा की जपमाळेतले शब्द आता मला ऐकू येतात. पूर्वी ते नुसते तोंडातून जात. एवढ्यापुरता मेळ बसतो. वैराने वैर शमत नाही ही धम्माची शिकवण आणि शत्रूवर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा यांतही फारसे अंतर मला वाटत नाही. अंतर आहे ते पुढे. जपमाळेत मी कोणाला तरी 'तू' म्हणतो. श्वास पाहताना हा 'तू' नसतो आणि बुद्धाच्या अनात्मवादाप्रमाणे 'मी'ही टिकत नाही. मित्र म्हणतो, एक सोड. मी अजून दोन्हीसाठी बसतो, पण एकाच वेळी नाही. आधी ते, मग हे.