सावलीची कड चित्रात कशी उतरवावी?

काही वर्षांपूर्वी मी प्रकाशाच्या पाठासाठी संगणकावर एक चित्र तयार केले होते. मैदानात उभा ध्वजस्तंभ आणि जमिनीवर त्याची लांब सावली. सावलीची कड खऱ्यासारखी मऊ दिसावी म्हणून मी ती सगळीकडे थोडी पुसट केली आणि खूश झालो. तक्ता वर्गात लावल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, स्तंभाच्या बुडाशीसुद्धा सावली पुसट कशी?” तिचे बरोबर होते. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यानेच चूक केली होती, आणि तोच तक्ता मी आधीच्या दोन वर्गांनाही दाखवला होता!

ती चूक समजून घ्यायची तर एखाद्या सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जा. ओल्या वाळूवर आपल्याच सावलीकडे पाहा. पावलांची कड सुरीने कापल्यासारखी दिसते, डोक्याची मात्र विरलेली. उंच माडाखाली तर झावळीच्या पात्या वेगवेगळ्या ओळखूही येत नाहीत, नुसता करडा डाग पडतो. असे का व्हावे?

कारण सूर्य हा बिंदू नाही. त्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आणि आपल्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. भागाकार करा: अंतर व्यासाच्या १०७ पट भरते. म्हणजे आकाशातील सूर्यबिंब साधारण ०.५३ अंशाचे आहे. त्याच्या एका कडेचा प्रकाश अडतो, पण दुसऱ्या कडेचा पोचतो, अशी एक पट्टी सावलीच्या काठाला असते. तिला आपण उपच्छाया म्हणतो. जिथे सगळेच बिंब झाकले जाते ती प्रच्छाया. अडवणारी वस्तू सावलीपासून १०७ सेंटिमीटर दूर असेल तर उपच्छाया १ सेंटिमीटर रुंद, दहापट दूर असेल तर १० सेंटिमीटर. पुसटपणा अंतराच्या प्रमाणात वाढतो, हीच सगळी मेख आहे.

आता आपला स्तंभ घेऊ. उंची ६ मीटर, जाडी ६ सेंटिमीटर, सूर्य ४५ अंशावर. (रत्नागिरीचा अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर असल्याने वर्षातल्या कोणत्याही दिवशी सूर्य इथे दोनदा, एकदा चढताना व एकदा उतरताना, ४५ अंशावर येतो. त्या वेळी सावली उंचीएवढीच असते, त्यामुळे कोनमापक लागत नाही.) स्तंभाच्या टोकापासून त्याच्या सावलीपर्यंतचे तिरपे अंतर साडेआठ मीटर. म्हणून तिथे उपच्छाया सुमारे ८ सेंटिमीटर, म्हणजे स्तंभाच्या जाडीपेक्षा जास्त! ६ सेंटिमीटरची प्रच्छाया ६ गुणिले १०७, म्हणजे सुमारे ६.४ मीटर तिरप्या अंतरावरच संपते. जमिनीवर मोजले तर बुडापासून साडेचार मीटरवर. पुढच्या दीड मीटरमध्ये पूर्ण सावली अशी नसतेच.

हे चित्रात कसे आणायचे? इंकस्केप हा विनामूल्य मिळणारा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम २००३ पासून उपलब्ध आहे. त्यात आकृती ठिपक्यांनी नव्हे, तर रेषा व वक्रांच्या गणिती वर्णनाने साठवली जाते. अशा आकृतीला ‘ब्लर’ची पट्टी सरकवून पुसट करता येते. पण एका आकृतीला पुसटपणाचे एकच माप लागते, बुडाशी शून्य आणि टोकाशी आठ असे सांगता येत नाही. माझा तक्ता फसला तो इथेच.

पुष्कळजण यावर एक तोड काढतात. आकृतीची एक प्रत स्वच्छ ठेवतात, दुसरी पुसट करतात, आणि पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणाऱ्या ग्रेडियंटचा मास्क लावून स्वच्छ प्रत हळूहळू नाहीशी करतात. लांबून बरे दिसते. जवळून पाहिले की मधल्या भागात धुरकट पट्ट्याच्या आत जुनी तीक्ष्ण कड उरलेली दिसते. ते पुसट होणे नव्हे, दोन चित्रांचे मिश्रण होय. मला ते पटत नाही.

त्यापेक्षा सूर्य करतो तेच करावे. सूर्यबिंबाचे मनात नऊ उभे काप करा. प्रत्येक काप आपली स्वतंत्र, स्वच्छ सावली पाडतो, आणि या नऊ सावल्या एकमेकींपासून किंचित वळलेल्या असतात. सूर्य ४५ अंशावर असताना जमिनीवर त्यांचा एकूण फाटा सुमारे ०.७५ अंश. म्हणून मैदान वरून पाहिल्यासारखे काढा. स्तंभाची सावली एक लांबट आयत. तिच्या फिरण्याचा मध्य (आकृतीवर दोनदा क्लिक केल्यावर दिसणारी अधिकची खूण) ओढून बुडाशी आणा. आठ प्रती काढा. चार एका बाजूला व चार दुसऱ्या बाजूला ०.०८, ०.१७, ०.२५ आणि ०.३३ अंशांनी वळवा. सर्व पारदर्शक ठेवा. बुडाशी त्या एकमेकींवर बसतात, टोकाशी पसरतात. ब्लर न वापरताच सावली क्रमाने विरते.

मात्र कडेचे काप लहान असतात, म्हणून कडेच्या दोन प्रती मधल्या प्रतीच्या निम्म्याहून कमी गडद हव्यात. टोक लांबीच्या दिशेनेही सुमारे ११ सेंटिमीटर विरते, तेव्हा प्रतींची लांबी थोडी कमीजास्त ठेवा. आणखी एक गंमत. सगळ्या प्रती एक-नवमांश गडद ठेवल्या तर त्यांची बेरीज पूर्ण काळी होईल असे वाटते. पण प्रत्येक थर खालच्या रंगाचा आठ-नवमांश भाग वर येऊ देतो. आठ-नवमांशाचा नववा घात सुमारे ०.३५, म्हणून गडदपणा ६५ टक्केच भरतो. चित्राचे यात नुकसान नाही, कारण मैदानावरची सावलीही काळी कधीच नसते. आकाशाचा निळा उजेड तिच्यात येतच असतो.

नवा तक्ता मी याच रीतीने केला, पण लावण्यापूर्वी मैदानात जाऊन सावलीच्या टोकाशी कोरा कागद धरला आणि फूटपट्टीने कड मोजली. विरलेली कड नेमकी कुठे सुरू होते हे ठरवताना आम्हा तिघांची तीन उत्तरे आली, सहापासून नऊ सेंटिमीटरपर्यंत. तुमचे काय येते ते पाहा.