नऊपैकी नऊ सामने जिंकले, तरी आमंत्रण नाही! (१९५१ च्या एका कॉलेज संघाची गोष्ट)

विद्यार्थी मित्रांनो, सगळे सामने जिंकणाऱ्या संघाला मोठ्या स्पर्धेचं बोलावणं येणार, हे आपण गृहीतच धरतो. पण १९५१ साली अमेरिकेतल्या एका कॉलेज संघाच्या बाबतीत असं घडलं नाही. का घडलं नाही, ते आज समजून घेऊ.

आधी खेळाविषयी थोडंसं. अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा आहे. चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवायचा. याला 'टचडाउन' म्हणतात. मैदानातलं अंतर यार्डमध्ये मोजतात. १ यार्ड म्हणजे ३ फूट. कॉलेज संघांचे सामने साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर चालतात. हंगाम संपला की १ जानेवारीच्या आसपास निवडक संघांना बोलावून मोठे सामने भरवतात. त्यांना 'बाउल' म्हणतात. त्यात मान मिळतो आणि कॉलेजला पैसाही मिळतो.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ 'डॉन्स' या नावाने ओळखला जायचा. जो कुहारिक हे त्यांचे प्रशिक्षक. १९५१ च्या हंगामात या संघाने ९ पैकी ९ सामने जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅम विद्यापीठाला ३२-२६ असं हरवलं. शेवटच्या सामन्यात लोयोला विद्यापीठावर २०-२ असा विजय मिळवला. ऑली मॅटसन हा त्यांचा सर्वांत वेगवान खेळाडू. एका हंगामात तो चेंडू घेऊन १५६६ यार्ड पळाला. त्या वर्षी देशातल्या कुठल्याच कॉलेज खेळाडूला एवढं जमलं नव्हतं.

मग अडलं कुठे? संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेद कायद्यानेच चालायचा. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागाही वेगळ्या. मोठे बाउल सामने बहुतेक याच भागात व्हायचे. 'ऑरेंज बाउल' हा सामना फ्लोरिडा राज्यातल्या मायामी शहरात होई. या दोघांना घरी ठेवून या, मग तुम्हाला खेळता येईल, अशी अट संघापर्यंत आली, असं खेळाडूंनी पुढे सांगितलं.

आता इथे थांबून विचार करा. वर्षभर घाम गाळलेला. अनेकांचा कॉलेजमधला हा शेवटचा हंगाम. दोघांना मागे ठेवलं, तर बाकीच्यांना देशभर नाव मिळणार. शिवाय विद्यापीठाला फुटबॉलचा खर्च झेपत नव्हता, म्हणजे पैशाचीही गरज होतीच. तरीही संघाने 'नाही' म्हटलं. मतदान घेण्याची वेळसुद्धा आली नाही, असं ते खेळाडू सांगत. जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही.

या निर्णयाचं बक्षीस लगेच मिळालं का? नाही. बाउल सामना हुकला आणि त्या हंगामानंतर विद्यापीठाने खर्चामुळे फुटबॉल संघच बंद केला.

पुढे काय झालं तेही बघा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटसनने ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि रिलेमध्ये रौप्यपदक मिळवलं. हे तेच ऑलिंपिक, जिथे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं! नंतर मॅटसन व्यावसायिक फुटबॉलमध्येही गाजला. १९५९ मध्ये एका संघाने तर त्याच्या एकट्याच्या बदल्यात नऊ जण देऊ केले.

टोलरच्या गुडघ्याला १९५२ मध्ये मोठी दुखापत झाली आणि त्याचं खेळणं थांबलं. पण टोलर सर शिक्षक झाले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९६५ मध्ये ते व्यावसायिक फुटबॉल लीगचे पहिले कृष्णवर्णीय पंच बनले. ज्याला मैदानात येऊ नका म्हटलं होतं, त्याच्याच शिट्टीवर आता खेळ थांबू लागला. २००६ मध्ये विद्यापीठाने या संघाला मानद पदवी देऊन गौरवलं. तोवर ५५ वर्षं उलटली होती.

मुलांनो, भेदभाव ज्याच्यावर होतो त्याने एकट्यानेच का लढायचं? इथे नुकसान सोसलं ते ज्यांना जायची परवानगी होती त्यांनी. या गोष्टीतून शिकायचं ते हेच.

स्वाध्याय
१) मॅटसन ९ सामन्यांत १५६६ यार्ड पळाला. एका सामन्याची सरासरी काढा.
२) संघाने अट मान्य केली असती तर कोणाचा फायदा आणि कोणाचं नुकसान झालं असतं? दोन्ही बाजू लिहा.
३) आपल्या वर्गात खेळताना कोणाला 'तू नको' म्हटलं जातं का? अशा वेळी बाकीच्यांनी काय करावं? गटात चर्चा करा.