वाहनाची छोटी हत्यारपेटी

ग्रेटर नोएडा ते आग्रा हा 165 किलोमीटर लांबीचा यमुना द्रुतगती मार्ग 2012 मध्ये खुला झाला. अशा मार्गावर दुरुस्तीचे दुकान हाकेच्या अंतरावर नसते. शिवाय डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात थांबलेले वाहन मागच्या चालकाला फार उशिरा दिसते. म्हणून हत्यारपेटी ही केवळ सोय नव्हे, ते सुरक्षिततेचे साधन आहे.

पेटीत 10-11, 12-13 व 14-15 मापांचे दुतोंडी पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, राखीव फ्यूज, चिकटपट्टी व विजेरी असावी. मोटारीसाठी जॅक, चाकाचा पाना आणि परावर्तक त्रिकोणही हवा. पाने जाड कापडात गुंडाळावेत. त्यामुळे जागा वाचते.

वाहन बंद पडल्यास ते कडेला घ्यावे, धोक्याचे दिवे लावावेत व त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागे ठेवावा. चाक बदलताना नट आधी थोडे सैल करून मगच जॅक लावावा. कारण उचललेले चाक पान्याबरोबर फिरू लागते. दाट धुक्यात मात्र दुरुस्ती करत न बसता रस्त्यापासून दूर उभे राहून 112 या क्रमांकावर मदत मागावी. हत्यार केव्हा वापरू नये, हे ओळखणे हेही कौशल्यच होय.

पाठगत प्रश्न
1. चाकाचे नट जॅक लावण्यापूर्वी सैल का करावेत?
2. तुमच्या वाहनासाठी आवश्यक हत्यारांची यादी तयार करा.