लिनक्समधील कप्प्यांची व्यवस्था

ज्या घरांत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, त्या घरांत अंधारांतहि काडेपेटी हातास लागते. संगणकाचें असेंच आहे. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या प्रणालीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. त्यांपैकीं लिनक्स हिचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहिला. ती कोणीहि वाचावी, सुधारावी व इतरांस द्यावी, अशी मोकळीक आहे. तिच्यांतील फायली कोठें ठेवितात व कां, हें आपण पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, येथील सर्व कप्पे, म्हणजे डिरेक्टऱ्या, एकाच मुळांतून फुटतात. या मुळास रूट म्हणतात व तें एका तिरक्या रेघेनें दाखवितात. नवी डिस्क जोडली तरी ती याच वृक्षाची फांदी होते.

दुसरी गोष्ट अशी कीं, फायलीचा उपयोग पाहून तिची जागा ठरते. 'बिन' मध्यें नेहमींचे प्रोग्राम, 'एट्सी' मध्यें ते कसे चालावे याच्या सूचना, 'व्हार' मध्यें रोज वाढणाऱ्या नोंदी, 'टेंप' मध्यें तात्पुरत्या फायली, आणि 'होम' मध्यें प्रत्येकाचें स्वतःचें घर असतें. आपल्या घरांत आपणांस पूर्ण मुभा. एट्सी, बिन अशा सामाईक कप्प्यांत मात्र व्यवस्थापकावांचून कोणास फेरफार करतां येत नाहीं. म्हणून एका विद्यार्थ्याच्या चुकीनें साऱ्या वर्गाचें काम सहसा बुडत नाहीं. 'होम' डिस्कच्या वेगळ्या भागांत ठेविल्यास, सारी प्रणाली नव्यानें बसवूनहि आपले निबंध राखतां येतात.

आतां 'यूएसआर' या कप्प्याची कथा ऐका. लिनक्सनें जिचा कित्ता गिरविला ती युनिक्स १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं सुरू केली. त्या काळीं डिस्क फार लहान असत. 'यूएसआर' हा मूळचा माणसांच्या घरांचा कप्पा. परंतु पहिली डिस्क भरल्यावर कांहीं प्रोग्राम त्यांत, दुसऱ्या डिस्कवर, हलविले गेले आणि 'बिन' नांवाचे दोन कप्पे झाले. पुढें डिस्क मोठ्या झाल्या, घरें 'होम' मध्यें गेलीं, तरी हे दोन कप्पे सुमारें चाळीस वर्षें तसेच राहिले. अखेर २०१२ सालीं फेडोरानें आपल्या १७ व्या आवृत्तींत ते एक केले. मात्र जुना पत्ता पुसला नाहीं. त्या जागीं नव्या जागेकडे नेणारी खूण ठेविली. त्यामुळें जुने प्रोग्राम अडले नाहींत.

मुलांनो, हीं नांवें नुसतीं पाठ करूं नका. लिनक्स असलेल्या संगणकावर 'एलएस' ही आज्ञा लिहून, थोडी जागा सोडून, तिरकी रेघ द्या. जे कप्पे दिसतील त्यांतील प्रत्येकाविषयीं विचारा: हा येथें कां आहे? कारण कळलें म्हणजे नांव आपोआप ध्यानांत राहतें; आणि कारण संपलें असेल, तर कोणाचेंहि काम न अडवितां बदल कसा करावा, तेंहि सुचतें.